पाय बरा झाल्याची खोटी साक्ष

डॉक्टरीणबाईंनी स्टीलची बारीक काडी माझ्या तळपायाच्या जखमेत घातली. काडी आत गेली, अजून आत गेली आणि टक्‌ करून थांबली. दुखलं काहीच नाही. आवाज मात्र ऐकला.

"हे हाड लागलं, आजोबा," त्या म्हणाल्या. "ऑस्टिओमायलायटिस. हाड सडलंय. वर गँगरीन चढत चाललंय. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, आणि आजच."

गँगरीन म्हणजे माणूस जिवंत आणि मांस मेलेलं. मला जास्त समजावायची गरज नव्हती. चाळीस वर्षं मी आमच्या गावात, कुरुंद्यात, हळद शिजवली. शिजली का नाही ते आमी काडी टोचून बघतो. कच्चा कंद काडी अडवतो, शिजलेला आत घेतो. माझा पाय शिजला होता.

तरी मी म्हणालो, "कापायचं न्हाई. प्रभू बरा करणार."

असं काहून म्हणालो ते लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलंमाकलं समजून घ्या. साखरेचा आजार असलेल्यांनी हे वाचावं. माझ्यासारख्या विश्वासणाऱ्यांनी दोनदा वाचावं.

हळदीच्या दिवसांत भट्टीपाशी मांस जळाल्याचा वास आला. खाली पाहिलं तर माझाच पाय निखाऱ्यावर. कळलंच नव्हतं. ह्याला न्यूरोपॅथी म्हणतात, म्हणजे साखरेनं नसा मरतात. मला वाटलं, प्रभूनं वेदना काढून घेतली. फोड फुटला तशी त्यात हळद कोंबली आणि चिंधी बांधली. माझी बायको शांता म्हणाली, दवाखान्यात चला. मी म्हणालो, ज्याच्या अंगणात औषध वाळतं त्यानं दवाखान्याची पायरी काहून चढावी?

त्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष द्यायची वेळ आली. ज्याच्यावर देवाची कृपा झाली तो आमच्यात उभा राहून सगळ्यांना सांगतो. काहीजण कृपा व्हायच्या आधीच सांगतात. तोंडानं कबूल केलं की देव ते करतो, असं ते मानतात. मी उभा राहिलो. "प्रभूनं माझा पाय बरा केला!" म्हणालो आणि तोच पाय फरशीवर दोनदा आपटला. टाळ्या पडल्या. बुटात चिंधी ओली होऊन राहिली होती. शांता खाली मान घालून बसली होती.

तिथं मी अडकलो. आता दवाखान्यात जावं तर देव खोटा पडणार.

पायाला वास सुटला. नातवंडं माझ्या बाजेजवळ येईनात. एका दुपारी शांतानं चिंधी सोडली, तर आत अळ्या वळवळत होत्या.

"ही परीक्षा हाय," मी म्हणालो.

"परीक्षा हाय तर पेपर देवानं काढला का तुमी?"

काठी हाताशी होती. फेकली. तिची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं, तोंडात गेलं, लुगडं भिजलं. ती रडली नाही. पदर भुवईवर दाबून तिनं आमच्या पोराला हाक मारली, "दानियल, जीप बोलाव. ह्यांना बांध."

दानियल बांधून राहिला तर मी त्याच्या मनगटाला चावलो. दात उमटले, रक्त आलं. "चावा बाबा, अजून चावा," तो म्हणाला. "तोंड तरी जित्तं हाय तुमचं." नांदेडपर्यंत मी त्याला शिव्या देत गेलो. मधेच शुद्ध गेली.

शुद्धीवर आलो तेव्हा ती काडी जखमेत होती.

डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद पुढं केला. मी फाडला. दुसरा आणला, तो तोंडात घालून चावला. पाण्याचा तांब्या भिंतीवर हाणला. दवाखान्यातल्या दोघांनी खांदे दाबून मला धरलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "थांबलात तर सेप्सिस होईल. म्हणजे विष रक्तात जाईल. मग पाय नाही, माणूस जातो."

तेवढ्यात शांता आली. तिथंच तिला चार टाके घातले होते. डोळा सुजून बंद झाला होता.

"काहून सही करत न्हाई?"

"देव खोटा पडंल."

"देव कवा म्हणला पाय बरा झाला म्हणून? तुमी म्हणले. जखमेत हळद कोंबली तसं त्याच्या तोंडात तुमचं खोटं कोंबलं."

मी छताकडं बघून देवाला शिव्या दिल्या. बैलाला देऊ नयेत अशा दिल्या. तुझ्यासाठी मान ताठ ठेवली अन् तू माझाच पाय तोडतो? ओरडून ओरडून घसा बसला, आणि शेवटी तोंडातून निघालं, "मला भ्या वाटतं, प्रभू." इतक्या वर्षांच्या प्रार्थनांत हे कधी बोललो नव्हतो. प्रार्थना म्हणून मी त्याला हुकूमच सोडत आलो होतो.

वाकडीतिकडी सही केली.

स्पायनल म्हणजे कमरेत सुई देतात. खालचं अंग बधिर होतं, डोकं जागं राहतं. डोळ्यावर कपडा होता. करवत ऐकू येत होती, ओल्या बाभळीवर चालावी तशी. मग काहीतरी जड धप्पकन पडलं. माझ्या हातात काहीच नव्हतं, काठी नव्हती, साक्षही नव्हती. तिथं मी पहिल्यांदा देवावर भार टाकला.

दुखणं दुसऱ्या दिवशी आलं, ते नसलेल्या पायात. ह्याला फँटम पेन म्हणतात, म्हणजे गेलेला अवयव दुखतो. होता तवा मुका होता, गेल्यावर बोंबलायला लागला. ड्रेसिंगच्या वेळी टॉवेल दातात धरून मी गुरासारखा हंबरलो. शांता खांदा धरून उभी राहायची. माझी नखं तिच्या दंडात रुतायची.

दोन महिन्यांनी कुबड्यांवर मंडळीत उभा राहिलो. "मागची साक्ष खोटी होती. पाय बरा झाला नव्हता. शांताच्या भुवईवरचा वणही माझ्याच हातचा." टाळी पडली नाही. पास्टरसाहेब हळूच म्हणाले, "आमेन."

आता रोज सकाळी शांता माझ्या राहिलेल्या पायाला खराट्याची काडी लावून बघते. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, रोज तपासा.

"डोळे मिटा," ती म्हणते. "कळतं का?"

"व्हय."

"इथं?"

"व्हय."

गेल्या आठवड्यात ती विचारत राहिली, "इथं कळतं का?" मला काहीच कळलं नव्हतं. "व्हय" जिभेवर आलं होतं. काडी लावणाऱ्या बाईची भुवई मला मिटल्या डोळ्यांनीही दिसत होती.

"न्हाई," मी म्हणालो. "तिथं न्हाई कळत."

तिनं काडी खाली ठेवली, माझ्या तळपायावर हात ठेवून आमेन म्हणाली आणि दानियलला हाक मारली. ह्या वेळी मला बांधावं लागलं नाही. जीप यायच्या आधीच मी कुबड्या घेऊन दारात उभा होतो.