कवडूभाऊंचा कविराज झाला ती गोष्ट

नाव सांगितल्याबरोबर समोरच्याचा अपमान करायला आमच्या शेजारच्या कवडूभाऊंना जेवढा कमी वेळ लागतो, तेवढा उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात कोणालाच लागत नसेल. घुग्घुसला राहायला आलो त्याच दिवशी मी त्याचा अनुभव घेतला. ट्रकांनी उडवलेली काळी धूळ पायरीवरून झाडत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून प्रश्न आला, "नाव काय म्हने बाई तुमचं?" मी म्हटलं, वंदना. तंबाखूचा खर्रा गालात सरकवून ते म्हणाले, "तुमच्या पिढीत घराघरात नुसती पूजाच. वंदना, अर्चना, आराधना. देवळात जायची गरजच नाई."

कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस दुसरं काही करतच नाही. फाटकाशी उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या आयांना अडवून त्यांच्या लेकरांची नावं नासवायची. कोपऱ्यावरच्या सूनबाईने मोठ्या कौतुकाने 'आरव' सांगितलं. "अर्थ ठाऊक आहे काय? आरव म्हणजे आवाज. बरोबर ठेवलं, दिवसभर बोंबलतेच थो." एका घरात रेयांश आणि दिव्यांश असे दोन भाऊ निघाले, तर त्यांच्या बापाला विचारलं, "दोघंबी अंश, मंग छेद कोन? तुमी काय?" अनायरा हे नाव त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं आणि खोकल्याच्या औषधाचं आहे म्हणून निकाल दिला. बायका रस्ता बदलून जायला लागल्या. मला तर वाटायचं, ज्याचं स्वतःचं नाव कवडू, त्याने निदान या विषयात तरी तोंड मिटून बसावं.

पण ते नाव त्यांना पदवीसारखं वाटे. मूलच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात त्यांचं गाव. तिथे म्हणे त्यांच्या लहानपणी चार कवडू होते: काळा, लांब्या, बहिरा आणि हे. "आता कवडू म्हनून हाक मारा, कुत्रंबी वळून नाई पाहत," असं ते सांगत, आणि त्यात त्यांना देशाचा ऱ्हास दिसे.

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी नागपूरची. पत्रिका छापून आली तिच्यात वरपिता म्हणून नाव होतं श्री. कविराज. चारोळीसुद्धा न रचलेला हा माणूस रातोरात कविराज झाला! मुलाने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, मी इकडे सगळ्यांना हेच नाव सांगितलं आहे." भाऊ एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

चंद्रपूरच्या सभागृहात आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो, आणि वरपिता असून भाऊही तिथेच. भाऊंच्या शेजारी एक वाळलेली म्हातारी होती. सकाळच्या एसटीने गावी जाऊन तिला त्यांनी स्वतः आणलं होतं. माइकवर पुकारा झाला, "वरपिता श्रीमान कविराज यांनी मंचावर यावं." भाऊ पंख्याकडे बघत बसले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पुकारलं. मी कोपराने डिवचलं, तर म्हणाले, "असंल कोनी कविता करनारा. मी काऊन उठू?"

मुंडावळ्या बांधलेला मुलगाच धावत आला. "बाबा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. हे सगुणामाय ओळखतं काय तू?"

मुलाने नाही म्हणून मान हलवली.

"माह्याआधी तुह्या आजीचे तीन लेकरं गेले. मी झालो तं तिनं मले सुपात घातलं अन् दुसऱ्या मोहल्ल्यात नेऊन हिच्या दारात ठेवलं. हिनं कवडी देऊन मले विकत घेतलं. यमाले वाटलं, हे पोट्टं त्या घरचं नाई. म्हनून वाचलो. म्हनून कवडू. मी कविराज झालो, तं हिनं कोनाले घेतलं मंग?"

म्हातारीला ऐकू कमी येत होतं. "काय म्हनते नवरदेव?" तिने विचारलं. मुलगा तिच्या पायांशी वाकला. मग माइककडे गेला आणि स्वतःच म्हणाला, "माझे वडील, कवडूभाऊ." नागपूरकडच्या दोनचार जणांनी तोंडाला रुमाल लावले. भाऊ उठले, म्हातारीचा हात धरून इतके सावकाश चालले की मुलीच्या मामाने घड्याळ पाहिलं आणि भटजींनीही पाहिलं. "ह्या कोण?" विहीणबाईंनी मंचावर विचारलं.

"मालकीन," भाऊ म्हणाले.

मागच्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सगुणामाय गेली. भाऊ गावाहून परतले ते डोक्याचे केस काढून. मी चहा घेऊन गेले, तर कपातली साय बोटाने बाजूला करत बसून राहिले.

"माह्या मायनं कवडी वापस देऊन मले सोडवून नेलंच नव्हतं बाई," शेवटी म्हणाले. "तसंच ठेवलं होतं सगुणामायकडं, निस्तं जेवू घालाले घरी आनत होती. आता दोघीबी गेल्या. तं आता मी कोनाचा होय?"

एवढं फटकन बोलणारा माणूस, पण या वेळी तो खरंच विचारत होता. चहा गार होईपर्यंत मी तिथेच बसले.