माझ्या साडूंची काळी पूड

कुठल्याही पातळ पदार्थाचा रंग उतरवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. कुपवाडच्या एका फौंड्रीत ते भट्टीवर होते. सत्तरच्या दशकात त्यांच्या मनानं घेतलं, की हलक्या, फार राख होणाऱ्या कोळशावर खनिजातून लोखंड काढायचं आणि उरलेल्या कोळशाला वाफ देऊन रंग शोषणारी पूड करायची. मालकांनी मागच्या बाजूला छोटी भट्टी बांधू दिली. लोखंड निघे ते खिळ्याच्याही लायकीचं नसे. पण पूड जहाल. आम्ही साताऱ्याहून गेलो, की साडू कोरा चहा तिच्यातून गाळून नितळ पाणी हातात देत. "प्या पाव्हणं, चहाच हाय." मी आपला मुकाट्यानं पीत असे. एकदा त्यांनी सासऱ्यांचं खोकल्याचं लाल औषध गाळलं. सासरे माजी सुभेदार. बाटली उजेडात धरून म्हणाले, "आता खोकला कशातनं गाळणार, ते बी सांगा."

शेवटी मालक कंटाळले. "पुडीनं गूळ उजळला आन् पेठेत चालला, तर भट्टी ठेवू. न्हाईतर पाडू." साडूंची झोप उडाली. भट्टी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

गुऱ्हाळावर त्यांनी रस पुडीतून गाळला, स्वतः कढईपाशी उभे राहिले. ढेप निघाली ती खव्यासारखी पांढरी. साडू नुसते फुलून गेले. सांगलीच्या पेठेत मालकांच्या आणि माझ्यासमोर अडत्यानं खडा फोडला, हुंगला, चघळला, पुन्हा हुंगला आणि खाली ठेवला.

"गोड हाय. पर गुळाचा वासच न्हाई ह्याला. कोण घेणार?"

मालकांनी हुंगला, मी हुंगला. खरंच, काही म्हणजे काही नाही. साडू आमच्या तोंडांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली ढेप हुंगली, शेजारची नेहमीची तांबडी ढेपही हुंगली.

"दोन्ही सारखंच की," ते म्हणाले.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. भट्टीच्या धुरानं त्यांचं नाक केव्हाच गेलं होतं, आणि या भल्या माणसानं ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. भट्टी पाडायचं तिथंच ठरलं. मला फार वाईट वाटलं.

परत निघताना मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसलो. किक मारायची सोडून ते तसेच थांबले.

"पाव्हणं, कसा असतोय वं गुळाचा वास? इसरलो मी."

मी पुष्कळ आठवून पाहिलं. "गोड असतो," एवढंच मला सांगता आलं.

"व्हय, व्हय," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी चालू केली.