यादी कोणी लावली

"कंप्युटरला जात असती का, मामा?"

सरांनी हे माझ्या बापाला विचारलं तेव्हा क्लासच्या पायऱ्यांवर निदान पन्नास पोरं-पोरी उभी होती. जातीचं नाव आम्ही काढलंही नव्हतं. बापानं एवढंच विचारलं होतं, "पोरीला एक्क्याऐंशी मार्क हायत सर, मग शेवटच्या बॅचला कसं टाकलं?"

लातूरच्या त्या मेडिकलच्या क्लासमध्ये पाच बॅच होत्या. पहिलीला एसीची खोली आणि शिकवायला खुद्द सर. शेवटची मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं शिकवायला कोण येणार ते त्या त्या दिवशी कळायचं. प्रवेश परीक्षेचे मार्क आधीच ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आले होते. होस्टेलवर माझ्या खोलीत एका डॉक्टरांची मुलगी होती, तिला चौसष्ट. ती पहिल्या बॅचमध्ये, मी शेडमध्ये. बाप अहमदपूरच्या मोंढ्यात हमाल. दिवसाचं काम बुडवून एसटीनं आला होता.

सर हसत म्हणाले, "अवो, नुसते मार्क न्हाईत बघत. अन् हे मी केलंच न्हाई. कंप्युटरनं केलंय." आणि मग ते जातीचं. पोरं हसली. बापही हसला. हात जोडून म्हणाला, "चुकलं सर."

त्याचं ते हसणं माझ्या डोळ्यापुढून अजून जात नाही.

स्टँडवर त्यानं मला समजावलं. "माणूस खोटं बोलंल बाई. मशीन कशाला बोलंल? तूच कुठंतरी कमी पडलीस." मी ते मानलं. आज तेच जास्त झोंबतं. सरांचा राग आला असता तर बरं झालं असतं. मी स्वतःलाच मठ्ठ समजून बसले. दोन वर्षं शेडमध्ये काढली. पोरगी डॉक्टर होणार हे बोलणं घरात आपोआप बंद झालं.

पुढं बी.एस्सी. केलं, कंप्युटरचा कोर्स केला आणि त्याच क्लासमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. सरांनी मला ओळखलं नाही. मला मात्र फार मोठेपणा वाटला. जिथं बापानं हात जोडले, तिथं आता माझी खुर्ची होती.

पहिल्याच जूनमध्ये सरांनी यादीची शीट दाखवली. नाव, गाव, मार्क. त्यापुढं आणखी एक कॉलम, 'पार्श्वभूमी'. चाळीसपैकी.

"घर चांगलं असलं, आईबाप शिकलेले असले की भरून द्यायचे," सर म्हणाले. "बाकीच्यांना बघून दे."

"काय बघून, सर?"

त्यांनी नावांच्या कॉलमवर बोट ठेवलं. "शहाणी हाईस. आडनाव दिसतंय की."

बेरीज झाली की तो कॉलम हाईड करायचा आणि मग प्रिंट काढायची. भिंतीवर फक्त नाव आणि बॅच.

मी केलं. कुणी धमकी दिली नव्हती, कुणी हात धरला नव्हता. उलट माझ्याच आडनावाचं पोर आलं की माझा हात जास्त आखडायचा. ही आपल्या लोकांना झुकतं माप देते, असं सरांना वाटू नये म्हणून. अशांना मी चार द्यायचे. चाळीसपैकी चार. सर म्हणायचे, "तुझं काम लई स्वच्छ हाय." ते ऐकून मला बरं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

यादी बोर्डावर गेली की सगळे म्हणायचे, यादी लागली. आपल्याकडं निकाल लागतो, नंबर लागतो, यादी लागते. लावणारा कुठं दिसतच नाही. मीही तेच म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी देगलूरचे एक टेलरकाका मुलीला घेऊन माझ्या खिडकीशी आले. मुलीला अठ्ठ्याऐंशी होते. आडनाव बघून मी तिला पाच दिले होते.

"मॅडम, बच्चीचं काय चुकलं तेवढं सांगा," काका म्हणाले. "आम्ही बी घरी विचार करून राहिलो. कुछ तो चुका होगा."

माझ्या तोंडून आलं, "काका, हे आम्ही नाही केलं. कंप्युटरनं केलंय."

तेच वाक्य. जातीचं तेवढं मी बोलले नाही. काकांनी मान हलवली, हात जोडले आणि हसले. अगदी माझ्या बापासारखे.

मुलगी हलली नाही. खिडकीचा गज धरून म्हणाली, "पर मॅडम, कंप्युटरपुढं तर तुम्हीच बसता ना?"

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी जेवायची वेळ झाली म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

डबा उघडला नाही. कंप्युटरमध्ये जुन्या याद्या होत्या. त्यांना आजवर मी हात लावला नव्हता. माझ्या वर्षाची काढली, लपवलेला कॉलम उघडला. माझं नाव. मार्क ८१. पार्श्वभूमी ६. आधीच्या ऑपरेटरबाईंनी मला सहा दिले होते. मी माझ्यासारखीला चार देत होते. मी त्या बाईपेक्षा कडक निघाले.

तेव्हापासून ती नावं पाठ सोडत नाहीत. भाजी निवडताना एखादं नाव येतं आणि त्याच्यापुढं आकडा. चार. पाच. चार. हिमायतनगरची एक पोरगी पंधरा दिवसांत शेड सोडून गावी गेली. जाताना मला "सॉरी मॅडम" म्हणाली. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. कॉलेजच्या पोरींचा घोळका दिसला की मी तिला शोधते आणि ती नसावी असंही वाटतं. माझा बाप मशीनला खरं मानूनच गेला. त्याला सांगायचं राहिलं.

खिडकी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या तिन्ही वर्षांच्या शीट मी सोबत घेतल्या. चालू वर्षाची यादी सगळ्या कॉलमांसकट छापली. खाली पेनानं लिहिलं: 'ही यादी लागली नाही. मी लावली. सरांनी सांगितलं, आकडे मी भरले.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. आणि बोर्डावर चिकटवली.

सर धावत आले. कागद फाडला. "तुझ्यासारखीला खुर्ची दिली हीच चूक झाली. लोकांना काय सांगशील गं? हात तर तुझेच व्हते!"

"तेच सांगणार हाय, सर."

संध्याकाळपर्यंत दुसरी यादी भिंतीवर होती. माझ्या खुर्चीत दुसरं कुणीतरी.

मी देगलूरला गेले. टेलरकाकांनी चहा सांगितला. मी सगळं सांगितल्यावर त्यांचा हात शिलाई मशीनवर तसाच राहिला. मुलगी आतल्या दारात उभी होती. क्लास तिनं सोडला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "माफी नको. लिहून द्या. कंप्युटरवर न्हाई, हातानं."

तेच हे, हातानं लिहिलेलं. तिची प्रत तिला पोचली आहे. ज्यांना मी चार-पाच दिले त्या उरलेल्या प्रत्येक घरी एक प्रत जाईल आणि ती द्यायला मी स्वतः जाईन. दारं तोंडावर लावली तरी जाईन. उद्या सकाळी हिमायतनगरची गाडी आहे.