शामकलाचे पाच आठवडे

शामकला माझी मोठी बहीण. आमगावजवळच्या तिच्या सासरी धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, असली की बांधीतल्या चिखलात तिची ओळ सगळ्यांच्या पुढे असायची, आणि जीभ हातापेक्षा जोरात चालायची. यंदा वैशाखात तिला आवाज ऐकू यायला लागले. जेवणात कोणी विष घालतं म्हणून तिनं अन्न सोडलं, आणि एका दुपारी रेल्वेच्या रुळावर जाऊन बसली.

नागपूरच्या एका दवाखान्यात भरती केलं. अठरा दिवस खाट, इंजेक्शनं, कुलूपबंद वॉर्ड. जीव वाचला. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "धोका टळलाय, पण ती बरी झालेली नाही. आता सहा महिने निवासी केंद्रात राहू द्या."

आम्ही तिला ठेवलं ते केंद्र म्हणजे एका गावाबाहेरचं साधं घर. अकरा बाया. सलाईन नाही, दाराला कुलूप नाही. स्वतः उठायचं, आपली गोळी आपण मागून घ्यायची, पाळीनं स्वयंपाक करायचा आणि रोज तासभर मनातलं बोलायचं.

पाचव्या आठवड्यात मी आणि तिचा नवरा, जागेश्वर भाऊजी, भेटायला गेलो. शामकला तांदूळ निवडत होती. मला पाहून हसली. "लय फुगला रे तू," म्हणाली. किती महिन्यांनी! मला रडूच आलं.

भाऊजींच्या डोक्यात मात्र भलतंच. दवाखाना म्हणजे खाट, एवढंच त्यांना ठाऊक. "काम तं करूनच राहिली. मंग इतं कायले ठेवाची? घरी रोवणी अडून राहिली."

केंद्र चालवणाऱ्या अंजूताईंनी परोपरीनं सांगितलं, "काम जमतंय म्हणजे बरी झाली असं नाही. इथं चुकलं तर कोणी ओरडत नाही, म्हणून जमतंय. अजून वेळ द्या."

भाऊजी ऐकतील तर शपथ! "चालते ना घरी?" त्यांनी तिला विचारलं. ती मान खाली घालून उठली. गाडी माझी होती. मी तोंड उघडायला हवं होतं, पण बहिणीच्या संसारात कशाला नाक खुपसा, म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याबद्दल मी अजून स्वतःला शिव्या देतो.

आठवडाभर तिनं रोवलं. सकाळच्या गोळीनं गुंगी येते, हात चालत नाही, म्हणून भाऊजींनीच ती गोळी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात ती चिखलातच बसली, ती उठेचना. बोलणं बंद, खाणं बंद. पुन्हा तोच वॉर्ड.

त्याला आता वीस दिवस झाले. भाऊजी दिवसभर वॉर्डाच्या दाराशी बसून असतात. त्यांना चांगलं सुनावायचं ठरवून गेलो होतो. चेहरा पाहिला आणि शेजारी जाऊन बसलो.

काल अंजूताई स्वतः आल्या. त्यांच्याकडे जागा आहे, पण जबरदस्तीनं त्या कोणाला ठेवत नाहीत. हो शामकलानंच म्हणायला हवं. आम्हा दोघांना त्या आत घेऊन गेल्या. खाटेवर बसून त्यांनी तिचा हात धरला. "येतेस का आमच्याकडे?"

शामकलानं खूप वेळानं मान वर केली. अंजूताईंकडे नाही, भाऊजींकडे पाहिलं. वीस दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द निघाला.

"रोवणी झाली का जी?"