जहऱ्याच्या वेशीबाहेरील चुलींची यादी

ज्याच्या दृष्टीला कोणीही परका नाही, त्या विश्वंभराला साष्टांग प्रणिपात करून हे लेखन आरंभितो. माझे सहस्रचंद्रदर्शन मुलांनी यथाविधी पार पाडले. त्या दिवशी नमस्कारास वाकलेल्या एका नातीने इंग्रजीतच विचारले की, आजोबा, तुमच्या हातून आयुष्यात काही चुकले आहे काय? घरभर पाहुणे होते. मी हसून वेळ मारून नेली. परंतु मंगल दिवशी विचारलेल्या प्रश्नाला असत्य उत्तर देऊ नये, म्हणून ते आता लिहून ठेवीत आहे.

विसाव्या शतकातील पन्नाशीची वर्षे सरत होती. कुवेतमध्ये शर्क भागातील एका अभियांत्रिकी कचेरीत मी कारकून होतो. पाठशाळेत व्याकरण शिकलेला माणूस तेलाच्या देशात काय करीत होता, असे कोणी विचारील, तर उत्तर एकच: पोट. पहाटे समुद्राकडे तोंड करून संध्या करीत असे, स्वतःच्या हाताने भात शिजवीत असे, आणि दुसऱ्याच्या भांड्यातील पाणी पीत नसे. हे सर्व मी धर्म म्हणून पाळीत होतो. त्याचा भार दुसऱ्या कोणावर पडेल, हे तेव्हा मनात आले नव्हते.

पश्चिमेला जहरा हे गाव. खजुराच्या बागा, लसूणघासाचे हिरवे वाफे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी यांमुळे ते वाळवंटात उठून दिसे. गावाच्या वेशीबाहेर वाळवंटातल्या भटक्या कुटुंबांना तंबू ठोकण्यासाठी जमिनीचा एक पट्टा दिलेला होता. दुष्काळाने उंट-शेळ्या मेल्या, म्हणून हे लोक मजुरीसाठी येत राहिले, आणि तंबू पट्ट्याची रेघ ओलांडून बाहेर गेले. पट्टा वाढवावा, तेथे पाण्याची टाकी बांधावी, असा प्रस्ताव आमच्या कचेरीकडे आला. जहऱ्याच्या बागाईतदारांनी त्याला हरकत घेतली.

त्यांची हरकत निव्वळ दुष्टपणाची नव्हती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्यांच्यातील एका वृद्धाने मला आपल्या विहिरीवर नेले व ओंजळीत पाणी धरून म्हटले, “चाख. माझ्या बापाच्या वेळी हे साखरेसारखे होते. आता मिठाचे झाले आहे. आणखी शंभर तोंडे याला लागली तर माझी झाडे काय पितील?” मी चाखले नाही, अर्थात. मग, हिंदुस्थानी माणसाला तिकडे म्हणतात तसे मला ‘हिंदी’ म्हणत, तो हसून म्हणाला, “आमच्या रीतीने पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचे नसते. यांना तीन वर्षे झाली, हिंदी! शेळ्या माझा लसूणघास खातात, आणि विचारले तर मलाच कॉफी पाजतात!”

कुटुंबांची यादी करण्याचे काम आमच्या मुख्य अभियंत्यांनी माझ्यावर सोपविले. यादीत जितकी कुटुंबे, तितक्या जागा. रेघेबाहेरचा प्रत्येक तंबू, पट्टा वाढला तरच टिकणार होता. माझ्यासोबत कचेरीचे मोटारचालक होते, रत्नागिरीकडचे एक प्रौढ मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत. अरबी त्यांना तोंडपाठ होती, आणि माझी थट्टा करण्याचा परवानाही त्यांनी स्वतःच घेतला होता.

पहिल्याच तंबूपाशी यजमानाने गालिचा झटकला व कॉफीचे चिमुकले पेले काढले. मी हात जोडून बाहेरच उभा राहिलो.

“भटजी, आत बसा,” चाचा म्हणाले. “नुसते बसा. पिऊ नका वाटल्यास. तुमी उभ्या उभ्या इचारताव, ही लोकां काय सांगतील? पोलीस वाटताव तुमी.”

“चाचा, मी बसलो की पेला पुढे येणार. नाही म्हटले की अपमान. त्यापेक्षा येथूनच लिहितो.”

“मग बायकामाणसांचा कसा इचारणार? दारातून? मारतील तुमाला, वर मलाव!”

तेव्हा मला एक युक्ती सुचली. माझे वडील गावात उपाध्ये होते. समाराधनेला चूलबंद आमंत्रणे द्यायची असली की ते घरे मोजीत नसत, चुली मोजीत. माणसे ओसरीवर निजोत की माडीवर, चूल एक तर कुटुंब एक. भाऊ विभक्त झाले की प्रथम चूल वेगळी होते. या रीतीत वडिलांची कधी चूक झाल्याचे मला स्मरत नव्हते. मी तंबूंच्या ओळींतून, कोणाच्याही उंबऱ्यात न जाता, धूर पाहत फिरलो. जेथे चूल, तेथील कर्त्या पुरुषाचे नाव चाचांकरवी विचारून लिहिले. दुपारपर्यंत काम संपले, आणि मला स्वतःच्या चातुर्याचे समाधान वाटले.

परतताना रेघेबाहेरच्या एका विटलेल्या तंबूपाशी एक वृद्ध विधवा शेळीच्या केसांचे सूत काढीत बसली होती. शेजारी दोन लहान नाती. तिने चाचांना हाक मारून काही विचारले.

“म्हणते, माझा नाव लिवलाव काय?”

“जेवण कोठे शिजते, विचारा.”

“दिराच्या चुलीवर.”

“मग लिहिले आहे, म्हणून सांगा.”

चाचांनी तिला तसे सांगितले. तिने छातीवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. मी नमस्कार केला.

प्रस्तावावर निर्णय करण्याची सभा त्या वृद्ध बागाईतदाराच्या बैठकीत भरली. अभियंत्यांनी यादी वाचली. जुन्या पट्ट्यात जेवढ्या जागा होत्या, त्याहून चुली किंचित कमीच भरल्या. बैठकीत हशा पिकला.

“पट्टा कशाला वाढवायचा?” बागाईतदार म्हणाला. “सगळे मावतात की! हिंदीने मोजले आहे, आणि हिंदी आमच्याकडून पाणीसुद्धा घेत नाही. त्याच्या शब्दावर शंका कोण घेईल?”

चाचांनी मागून माझा सदरा ओढला. “भटजी, तंबू तिप्पट हायत. या मुलकात लाकूड कुठे हाय? तीन-तीन, चार-चार कुटुंबां एका आगीवर रोट्या करतात. बोला ना!”

मी बोललो नाही. माझ्या हातच्या यादीची चारचौघांत हेटाळणी होईल, या भयाने जीभ उचलली नाही. सत्याविषयी मी पाठशाळेत पुष्कळ पाठांतर केले होते. त्यातील एक अक्षरही त्या घटकेला उपयोगी पडले नाही.

दुसऱ्या दिवशी अभियंत्यांकडे जाऊन मी सर्व सांगितले. ते सौम्य स्वभावाचे होते. म्हणाले, “सभेत वाचलेली यादी आज बदलली, तर भटक्यांनी कारकून फितविला असेच गावकरी म्हणतील. हे काल सांगायचे होते.” प्रस्ताव फेटाळला गेला. जागा चुलीच्या धन्यांना मिळाल्या.

पुढच्या आठवड्यात रेघेबाहेरचे तंबू उठविले. मी चाचांना घेऊन गेलो. विधवेने मेखा उपटून एका पोत्यात भरल्या होत्या व ती तंबूचे कापड गुंडाळीत होती. दिराच्या जागेत त्याचीच माणसे दाटीने बसली होती. मला पाहून तिने पुन्हा काही विचारले. चाचांनी भाषांतर केले नाही.

“काय म्हणते ती?”

“तुमाला कळलाय ते. जबाब तुमीच द्या. मागच्या खेपेला माझ्या तोंडून खोटा वदवलाव.”

मला जी थोडी अरबी येत होती, तीत मी म्हणालो, “ला.” नाही. लिहिले नव्हते. तिने मान हलविली, जणू वाऱ्याची दिशा कोणी सांगितली असावी, आणि कापडाचे दुसरे टोक थोरल्या नातीच्या हाती दिले. तिने शाप दिला असता तर मी प्रायश्चित्त शोधले असते.

साठीची वर्षे लागल्यावर, त्याच हरकती पुन्हा ऐकून घेऊन, पट्टा अखेर वाढला. यादीचे काम मी मागून घेतले. या वेळी प्रत्येक तंबूत बसलो, पुढे आलेला पेला घेतला, आणि कोण कोठे निजते हे विचारले. संध्येत त्यामुळे काही न्यून आले असेल तर ते देवाने पाहून घ्यावे. त्या विधवेच्या दिराला तिच्याविषयी विचारले. तो म्हणाला, “ती दक्षिणेकडे माळावर गेली होती. तिकडे पाणी नव्हते. मग आणखी पुढे गेली.” पुढे म्हणजे कोठे, हे त्याला ठाऊक नव्हते. मी यादीत तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली. मुदत संपल्यावर ती ओळ दुसऱ्या कोणाला मिळाली, आणि तेही गरजूच होते.

माझ्या नातीला हे एवढेच उत्तर आहे. वाचकहो, तुमच्या घरात गोडे पाणी असो. तुमच्या आश्रयाने राहणारे वृद्ध, विधवा आणि पोरकी लेकरे कोणाच्याही नजरेतून न सुटोत. आणि ज्या घटकेला बोलणे अवश्य असेल, त्या घटकेला परमेश्वर तुम्हांला व तुमच्या कुटुंबीयांना वाणी देवो. शुभं भवतु.