चिनीमायाचं ऊन

चिनीमाया सुवालला फुकटच्या वस्तूंची हाव होती आणि ती हाव ती कुणापासून लपवायचीही नाही. भक्तपूरच्या भाजीबाजारात बायका मुळ्याचा पाला तोडून बाजूला टाकतात. चिनीमाया तो पदरात, टोपलीत, जमेल तसा भरून आणायची. उन्हात कोमेजू द्यायचा, मडक्यात ठासायचा, आंबला की पुन्हा उन्हात खडखडीत वाळवायचा. झाला गुंद्रुक. त्याचं आंबट गरम कढण वर्षभर पुरायचं आणि खर्च काय, तर चिमूटभर मीठ. संत्र्याची सालंसुद्धा ती वाळवून चुलीत टाकायची, म्हणजे धुराला वास येतो म्हणे.

भाताची कापणी उरकली की ही बाई बांधावर हजर. पेंढा मागायची नाही, उचलायचीच. कुणी हटकलंच तर म्हणायची, तुझ्या घरी एक सुकुल येईल, गप बस. सुकुल म्हणजे पेंढ्याची जाड चटई. ती विणण्यात तिचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं. प्लास्टिकच्या रंगीत चटया बाजारात आल्या तेव्हा समोरच्या सरमिलाने हौसेने एक आणली. चिनीमाया तिच्यावर बसली, लगेच उठली आणि म्हणाली, बेडकाच्या पाठीवर बसल्यासारखं वाटतंय. ती चटई पुन्हा अंगणात दिसली नाही.

पण पाला असो की पेंढा, सगळं अडायचं उन्हापाशी. हिवाळ्यात त्या अंगणाला चारी बाजूंच्या घरांच्या मधून जेवढं ऊन मिळायचं, तेवढ्यावर सगळ्यांचा संसार. सकाळी धुकं उठलं की ऊन आधी गणपतीच्या दगडावर यायचं, मग विहिरीकडे सरकायचं. त्याच्या मागे मागे सुकुलही सरकायची आणि सुकुलवरची माणसंही. कुणी मुळा चिरतंय, कुणी पोराला तेल लावतंय, कुणी नुसतंच डोळे मिटून बसलंय. या सरकण्यात भांडणं व्हायची, लग्नं जुळायची. सासूसुनांचा अबोलाही तिथेच सुटायचा, कारण एकाच चटईवर पाठीला पाठ लावून किती वेळ गप्प बसणार?

चिनीमायाचा नवरा तुलसीबहादूर. गरीब माणूस, कुणाला वर तोंड करून बोलायचा नाही. आयुष्यभर वीटभट्टीवर ओलसर माती मळली, त्याने बोटांचे सांधे धरले. थंडीत हाताची मूठ वळायची ती सुटायची नाही. उन्हात तासभर बसला की एकेक बोट उघडायचं. सगळी उघडली की तो दगडी फरशीवर कोळशाने रेघा मारायचा, खडे मांडायचा आणि बाघचाल खेळायला गिऱ्हाईक शोधायचा. चार वाघ, वीस शेळ्या. वाघ घेतले तर शेळ्या खायचा, शेळ्या घेतल्या तर वाघ कोंडायचा. खेळताना मात्र हाच गरीब माणूस असा बोलायचा की समोरच्याने कान धरावेत. चिनीमायाला नवरा असा बोललेला आवडायचा. ती विणकाम करत ऐकायची आणि ऐकत नसल्याचं दाखवायची.

यंदा त्या उन्हालाच ग्रहण लागलं होतं.

झालं असं. अंगणाच्या दक्षिणेला रत्नलालचं घर. जेठाच्या उन्हाळ्यात रत्नलालने ठरवलं की गच्चीवर नवीन स्वयंपाकघर बांधायचं. सरमिला त्याची बायको, तिला अंगणाकडे खिडकी हवी होती, म्हणजे फोडणी देता देता खालच्यांशी बोलता येईल. या अंगणाचा जुना रिवाज असा की कुणी काही बांधणार असेल तर आधी सगळ्यांना बोलावून दही-पोहे खाऊ घालतो. ज्याला तक्रार असेल त्याने खायचं नाही, बोलायचं. ज्याने खाल्लं, त्याने त्या बांधकामाविरुद्ध पुढे अवाक्षर काढायचं नाही.

रत्नलाल सरळ माणूस. त्याने गच्चीच्या कडेला बांबू उभे केले आणि भर दुपारी सगळ्यांना दाखवलं की बघा, सावली माझ्याच भिंतीच्या पायाशी पडते, अंगणात वीतभरही येत नाही. खरंच येत नव्हती. जेठात सूर्य डोक्यावर असतो. शिवाय घामाने सगळे असे निथळत होते की सावली आली असती तर तिच्यात बसायला भांडले असते. सगळ्यांनी दही खाल्लं. चिनीमायाने दोनदा घेतलं. दही फुकट होतं आणि सरमिला दही फार छान लावायची.

पुसात, म्हणजे पौषात, सूर्य दक्षिणेला कलतो आणि खालून खालून जातो, हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जन्म गेला त्या उन्हाच्या मागे चटई ओढण्यात, पण पोटात थंड दही आणि अंगात जेठ असला की पुस आठवत नाही.

गवंडी तिहारनंतर, म्हणजे दिवाळी झाल्यावर, शेताची कामं आटपून आले. भिंत छातीएवढी झाली आणि अंगणातलं ऊन अर्ध्यावर आलं. मग पुस लागला. पुसात घराचं छप्पर घालत नाहीत, म्हणून काम थांबलं. संक्रांत झाली की दुसऱ्याच दिवशी भिंती पुऱ्या करून छप्पर टाकायचं ठरलं. छप्पर पडलं की अंगणात फाल्गुनापर्यंत ऊन दिसणार नव्हतं.

चिनीमाया जळत होती, पण बोलणार कशी? दोन वाट्या दही खाल्लेली बाई. तिने गुंद्रुक विहिरीजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात वाळत घातला, तो अर्धवट वाळून बुरसला. तुलसीबहादूरची बोटं दुपार टळली तरी उघडेनात. बाघचालची फरशी तशीच पडून राहिली.

एक दिवस त्याच्या हातांना तेल चोळता चोळता तिला आठवलं. जेठात त्या दिवशी नवरा थिमीला बहिणीकडे गेला होता. आणि असता तरी त्याने खाल्लं नसतं, दह्याने सांधे धरतात म्हणून तो शिवतच नाही. म्हणजे सगळ्या अंगणात तोंड उघडायला मोकळा माणूस एकच, आणि तो हा.

"तुम्ही दही खाल्लेलं नाही," ती म्हणाली.

"नाही खाल्लं."

"मग तुम्ही बोला रत्नाशी."

तुलसीबहादूरने हात काढून घेतला. "आपल्या पोरासारखंच आहे ते. कर्ज काढून बांधतंय. त्याला काय सांगू, माझी बोटं दुखतात म्हणून भिंत पाड?"

"हो. हेच सांगा."

"तुझी जीभ दे मग उसनी."

"माझी दह्यात बुडालीय," चिनीमाया म्हणाली आणि तेलाची वाटी आपटली.

त्यानंतर रोज तिने नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं. जेवताना, चूल पेटवताना, अंथरूण घालताना. तो हूं म्हणायचा आणि कूस बदलायचा. रत्नलाल समोरून आला की हा माणूस त्याच्या पोरांची चौकशी करायचा आणि आकाशाकडे बघायचा. चिनीमायाने शेवटी नाद सोडला. माणूस चांगला असला की असाच असतो, त्याला काय करणार.

संक्रांत आली. संक्रांतीला या लोकांत घरातली मोठी बाई लहानांच्या टाळूवर मोहरीचं तेल घालते, कानांत थेंब सोडते आणि आशीर्वाद देते. मग तूप, तिळाचे लाडू, काकवीची चिवट वडी आणि उकडलेले कंद. अंगणात सगळ्यात मोठी चिनीमाया, त्यामुळे ज्यांना आई उरली नव्हती ते सगळे तिच्याकडे यायचे. रत्नलाल तर मिसरूड फुटायच्या आधीपासून. त्याची आई गेली त्या वर्षी हिनेच त्याला हाताला धरून आणून बसवलं होतं.

चिनीमाया तेल चुलीवर कधी गरम करायची नाही. पितळेची वाटी गणपतीच्या दगडावर ठेवायची आणि ऊन ती आपोआप कोमट करायचं. यंदाही तिने वाटी तिथेच ठेवली. ऊन तिथे येत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. विहिरीजवळ ठेवता आली असती. ठेवली नाही. दही खाल्लेल्या माणसाने बोलायचं नसतं, वाटी हलवायलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

लहान पोरांपासून सुरुवात झाली. पोरं तेल पडलं की किंचाळून पळायची, बायका हसायच्या. रत्नलाल शेवटी आला. गवंड्यांशी उद्याचं बोलून येत होता. सुकुलवर उकिडवा बसला, डोकं पुढे केलं. चिनीमायाने वाटी टाळूवर कलती केली.

रत्नलालच्या खांद्यापर्यंत शिरशिरी गेली. "काकी, बर्फ आहे का हे?"

चिनीमायाने कानांत थेंब सोडले, आयुष्य मोठं होवो म्हणाली आणि लाडू पुढे केला. रत्नलालने वाटीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. अंगणातले सगळे अचानक लाडू फार मन लावून खाऊ लागले. सगळ्यांनी दही खाल्लेलं.

आणि तेवढ्यात तुलसीबहादूर खाकरला.

"रत्ना," तो म्हणाला, "मी जेठात दही खाल्लं नव्हतं."

चिनीमायाच्या हातातला लाडू तसाच राहिला. इतका वेळ लागला या माणसाला, आणि बोलला तर एवढंच.

रत्नलालला समजायला क्षणभर लागला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग काका, तेव्हाच सांगायचं."

"तेव्हा मी थिमीला होतो. आणि जेठात ऊन कुणाला हवं असतं रे? मीही खूश झालो असतो. तुझी सावली मागून घेतली असती." तुलसीबहादूरने दोन्ही मुठी पुढे केल्या. "या बघ. शेळी उचलता येत नाही मला. महिना झाला, एक वाघ कोंडला नाही. तू सोडून बाकी कुणाशी खेळायला मजाही येत नाही, बाकीचे फार लवकर हरतात."

"मी पण हरतोच."

"तू रडून हरतोस. त्यात मजा आहे."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. रत्नलाल हसला नाही. तो उठला आणि तसाच, टाळूवरून तेल गळत, आपल्या घरात शिरला. थोड्या वेळाने गच्चीवर दिसला. अर्धवट भिंतीमागे उभा राहून खाली बघत होता. मग गल्लीच्या बाजूला गेला, तिथून सूर्याकडे बघत राहिला, मग परत इकडे आला. वरून सरमिलाचा आवाज ऐकू येत होता. खिडकी गल्लीकडे गेली तर मी बोलू कुणाशी, कुत्र्यांशी? असं ती विचारत होती आणि रत्नलाल तिला काहीतरी हळू आवाजात समजावत होता. चिनीमायाला एकही शब्द नीट कळला नाही, तरी ती मान वर करून बसून राहिली. मान अवघडली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आले, ते भिंत चढवायला नाही, उतरवायला. मातीत बसवलेल्या विटा, सुट्या करायला वेळ लागत नाही. स्वयंपाकघर गल्लीच्या कडेला सरकवायचं ठरलं, म्हणजे पुसातली सावली रत्नलालच्या स्वतःच्या गच्चीवर पडणार. अंगणातले सगळे रांगेत उभे राहून विटा हातोहात देत होते. चिनीमायाने खांद्यावर कावड घेतली. गवंड्याने नको म्हटलं तर त्याला म्हणाली, तू जन्मायच्या आधीपासून उचलतेय, बाजूला हो.

पहिल्या दोन ओळी उतरल्या आणि ऊन गणपतीच्या दगडावर आलं. तुलसीबहादूर तिथे आधीच जाऊन बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून.

स्वयंपाकघर गल्लीकडे झालं. सरमिलाची गच्ची सावलीत गेली, म्हणून आता ती आपला मुळा, आपले सोयाबीन, आपल्या उशा, सगळं वाळवायला अंगणात आणते. बोलायलाही तिथेच बसते, खिडकीची गरजच उरली नाही. चिनीमायाच्या सुकुलवर अर्धी जागा तिचीच असते.

"तुझ्या चटईचं काय झालं?" चिनीमायाने तिला विचारलं. "ती बेडकाची."

"पोरांनी पतंग केला तिचा," सरमिला म्हणाली. "सरका ना जरा, ऊन जातंय."

चिनीमाया कुरकुरत सरकली. तिकडे रत्नलाल वाघ घेऊन बसला होता आणि तुलसीबहादूर एकेक शेळी बोटांनी नीट उचलून मांडत होता, आणि आपला एक वाघ कोंडला गेलाय हे रत्नलालला अजून दिसलंच नव्हतं.