आत्याचा भोपळा आणि तांबडे भुंगेरे

माझ्या आत्याइतका भुंगेऱ्यांचा अभ्यास खुद्द भुंगेऱ्यांनीसुद्धा केलेला नसेल. ते कधी जागे होतात, आधी कुठलं पान खातात, ऊन चढल्यावर किती चपळ होतात, सगळं तिला तोंडपाठ. डोंबिवलीत कोपरला तळमजल्यावरच्या तिच्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मोकळी जमीन आहे. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर तिने तिथे लाल भोपळ्याचा वेल लावला आणि माझी सकाळची झोप कायमची संपवली. कारण भोपळ्यावर येणारे ते तांबडे भुंगेरे पहाटे गारठलेले असतात, चटकन उडत नाहीत; तेव्हा त्यांना धरायचं ते उजाडता उजाडता. आणि मी पलीकडच्याच गल्लीत राहतो, हा माझा गुन्हा. साडेपाचला फोन. "उठलास का? ते उठायच्या आत ये." मग माझ्या हातात साबणाच्या पाण्याचा मग आणि मागे कमरेवर हात ठेवून आत्या. "पानाच्या खालून बघ. खालून! परीक्षेतसुद्धा तू असाच पान उलटायला विसरायचास." माझ्या चुलतभावाची नवी नवरी पाया पडायला आली, तर आत्याने तिला आधी आशीर्वाद दिला आणि मग मग दिला. ती बिचारी शालू सावरत सात भुंगेरे धरून गेली. आत्या अजून म्हणते, घराण्यात आलेली एकच हुशार मुलगी.

"अगं, दुकानात औषध मिळतं याच्यावर," असं मी एकदा वैतागून म्हणालो. "औषध आजाऱ्याला देतात," आत्या म्हणाली. "ते विष आहे. विष म्हण, म्हणजे मारताना हात थरथरेल."

त्यात राखेचं प्रकरण वेगळंच. दवाने ओल्या पानांवर लाकडाची राख भुरभुरली की भुंगेऱ्यांचं जेवण बेचव होतं, हा तिचा सिद्धांत. आता डोंबिवलीत चूल कोणाकडे असणार? पण माझं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला आणि जवळच एका बेकरीची लाकडाची भट्टी, हे तिने हुडकून काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत राख आणायची नाही म्हणून एक मडकं दिलं, वर बांधायला लाल फडकं. ते मांडीवर घेऊन मी डोंबिवली स्टेशनहून रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, "काका, घरातलं कोण?"

दिवसभराच्या कामाने मी पार थकलेलो. "आत्याचं आहे," मी म्हणालो.

"अरेरे. काय झालेलं?"

"भुंगेरे."

त्याने गाणं बंद केलं. पुढे तो खड्डे चुकवत रिक्षा इतक्या हळू घेऊन गेला की मला त्याची चूक सांगायची लाज वाटू लागली. आम्ही पोचलो तर फाटकात साक्षात आत्या. "आणलीस का रे राख? केवढा उशीर!" रिक्षावाला तिच्याकडे बघतच राहिला आणि सुट्टे द्यायचे विसरून निघून गेला.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ठाण्याला मुलाकडे तीन आठवडे मुक्काम. जाताना मला दोन पानांच्या सूचना. मी चार दिवस नेमाने उठलो. पाचव्या दिवशी जागच आली नाही, सहाव्या दिवशी पाऊस, आणि आठव्या दिवशी बघतो तर पानांची चाळण झालेली! माझं डोकं फिरलं. तडक दुकानात गेलो, पावडर आणली, नाकाला रुमाल बांधून सगळ्या वेलावर मारली. हात अजिबात थरथरला नाही. दोन दिवसांत एकही भुंगेरा उरला नाही. दहा वर्षांत पहिल्यांदाच मी जिंकलो होतो.

आत्या परत आली. मागच्या पायऱ्या उतरायला डॉक्टरांची बंदी, म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून वेलाकडे बघत राहिली.

"नव्या पानांना एकही भोक नाही रे," ती म्हणाली. "किती वेळा मारलंस?"

"एकदाच."

मी शिव्या खायच्या तयारीत उभा होतो. तिने एवढंच विचारलं, "मधमाश्या?"

त्या बाजूला मी बघितलंच नव्हतं. वेलावर पिवळीधमक फुलं उघडली होती आणि त्यांच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. वेलावर आधी धरलेले, पावडर बसलेले दोन भोपळे आत्याने मला खड्ड्यात पुरायला लावले; गाईलासुद्धा घालू दिले नाहीत. मग म्हणाली, "नर फूल तोड. लांब देठाचं. आता ते मादी फुलाला लाव." मी लावलं. "हळू! लग्न लावतोयस, खिळा ठोकत नाहीयेस." वय वर्षं बावन्न, हिशेबनीस, सकाळी सहाला मी फुलांची लग्नं लावत होतो आणि खिडकीतून भटजीण ओरडत होती.

दीड महिन्याने एक भोपळा तयार झाला. तिने विळीवर त्याच्या फोडी केल्या, बिल्डिंगभर वाटल्या आणि सगळ्यांत मोठी माझ्यापुढे ठेवली.

"एवढी मला कशाला?"

"घे. तुझ्या हातचा आहे," ती म्हणाली. मग खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि बाहेर बघत तिने विचारलं, "आज तरी दिसली का रे एखादी मधमाशी तुला?"

दिसली नव्हती. "एक दिसली," मी म्हणालो.

"एक आली ना? मग ती सांगेल बाकीच्यांना," आत्या म्हणाली, आणि बराच वेळ तिथून हलली नाही.